साच्यातून उतरलेले नाणे

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर अंतर कापले की धाम नदी लागते आणि तिच्या काठावर पवनार गाव दिसते. आचार्य विनोबा भावे यांच्या परमधाम आश्रमामुळे हे गाव देशभर परिचित झाले. ‘समणसुत्तं’ या ग्रंथाच्या निर्मितीमागे विनोबांची प्रेरणा होती, त्यामुळे जैन समाजाला तर ते विशेष आपले वाटते. विनोबा १९३८ साली येथे राहावयास आले. पुढे आश्रमाच्या जमिनीत खोदकाम चालू असताना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प हाती आले. विनोबांनी ते श्रद्धेने स्थापन केले आणि आजही आश्रमात त्याचे दर्शन घडते.

शिल्प मोठे असते, ते हाती लागले की ओळखता येते. त्याच मातीत नखाएवढे, हिरवट चढलेले तांब्याचे तुकडेही असतात. त्यांना ना चेहरा असतो ना चकाकी. बहुतेक वेळा ते मोडीच्या पोत्यात जातात आणि तेथून भट्टीत. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची कितीतरी पाने अशा तुकड्यांवर लिहिलेली आहेत, आणि ती पाने राहणार की वितळणार याचा निर्णय अनेकदा विद्वानाच्या टेबलावर होत नाही, तो दुकानातील तराजूवर होतो. म्हणून व्यापारी कुटुंबांनी या लहान नाण्याचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

ठोकलेले आणि ओतलेले

नाणे घडविण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत धातूच्या चकतीवर ठसा ठेवून घणाचा घाव घालतात. आपल्याकडील सर्वांत जुनी चांदीची ‘आहत’ नाणी अशीच झाली. पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळविण्यासाठी कोपरे छाटायचे आणि मग त्यांवर एकेक चिन्ह उमटवायचे. दुसऱ्या रीतीत घाव नाही. धातूचा रस करून तो साच्यात ओततात आणि थंड झाल्यावर साचा फोडून नाणे बाहेर काढतात. यांना ‘ओतीव’ नाणी म्हणतात. हे काम सोनाराच्या हातोडीपेक्षा ओताऱ्याच्या मुशीला जवळचे आहे.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास भारताच्या मोठ्या भागात तांब्याची अशी ओतीव नाणी चालत होती. त्यांवर राजाचे नाव नाही, कसलीही अक्षरे नाहीत. केवळ चिन्हे आहेत: हत्ती, कठड्यातील वृक्ष, स्वस्तिक, पोकळ क्रूसासारखी आकृती, तीन कमानींचा डोंगर आणि त्यावर चंद्रकोर. यांतील स्वस्तिक, हत्ती आणि वृक्ष पाहून जैन वाचकाचे मन साहजिकच हरखते. तथापि येथे संयम हवा. ही मंगलचिन्हे त्या काळी सर्वच परंपरांची समाईक ठेव होती. तीन कमानींच्या आकृतीला कोणी मेरू म्हणतात, तर कोणी स्तूप. केवळ चिन्हावरून नाणे एखाद्या धर्माचे ठरविता येत नाही.

विदर्भात पवनी आणि कौंडिण्यपूर अशा जुन्या वस्तीस्थानांवर आहत नाण्यांच्या सोबतीने ओतीव तांब्याची नाणीही मिळाली आहेत. कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यात आहे, म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्याशी. चांदीचे नाणे मोठ्या व्यवहाराचे. मीठ, तेल, धान्य अशा रोजच्या खरेदीसाठी ते जड पडे. तांब्याच्या सुट्या पैशाने बाजार खालच्या पायरीपर्यंत पोहोचला. गावात सुटी नाणी खेळू लागली याचा अर्थ तेथे केवळ राजा आणि सार्थवाह नव्हते, लहान दुकानदार आणि लहान ग्राहकही होते.

साच्याचे गुपित

नाणी नेमकी कशी ओतली जात, हे उलगडले ते एका वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. जीवाश्म वनस्पतींचे जगद्विख्यात अभ्यासक प्रा. बिरबल साहनी यांना १९३६ साली हरियाणातील रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर भाजक्या मातीचे असंख्य तुकडे दिसले. त्यांवर नाण्यांचे उलटे ठसे होते. ते यौधेय गणराज्याच्या टांकसाळीतले साचे होते. साहनींनी त्यांचा बारकाईने अभ्यास करून १९४५ मध्ये प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

रीत अशी होती. मऊ मातीच्या चकतीवर नमुन्याची नाणी वर्तुळाकार दाबून खळगे पाडायचे. प्रत्येक खळग्यापासून मधल्या छिद्रापर्यंत बारीक नाली कोरायची. एका चकतीवर नाण्याची पुढची बाजू, तर तिच्यावर बसणाऱ्या चकतीवर मागची. अशा चकत्या एकावर एक रचून बाहेरून मातीचा लेप द्यायचा, भाजून घ्यायचे आणि वरच्या तोंडातून रस सोडायचा. रस मधल्या मार्गाने खाली उतरे व नाल्यांतून खळग्याखळग्यांत शिरे. साचा फोडला की देठाला लागलेल्या फळांसारखी नाणी निघत. ती तोडून घेतली की एका ओतणीत नाण्यांचा ढीग पडे. दक्षिणेत तेलंगणातील कोंडापूर येथेही मातीचे असे साचे मिळाले आहेत.

ओतीव नाणे ओळखण्याच्या खुणाही याच रीतीतून येतात. कडेला नाली तोडल्याचा लहानसा कोंब राहतो. दोन चकत्या नीट जुळल्या नसतील तर पुढची व मागची बाजू किंचित सरकलेली दिसते. पृष्ठभागावर हवेचे बारीक खड्डे असतात आणि चिन्हांच्या कडा घावाच्या नाण्यासारख्या धारदार नसतात. कधी दोन नाणी जोडलेलीच राहून जातात. अनुभवी सराफाच्या बोटांना हा फरक भिंगाशिवायही कळतो.

तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. त्यात शिसे आणि कथिल मिसळले की धातू कमी आचेवर वितळतो व रस पातळ होऊन बारीक रेषांतही शिरतो. सातवाहन राजांच्या काळी विदर्भात जी नाणी विपुल चालली, ती याच मिश्रधातूची आहेत. अभ्यासक त्याला ‘पोटिन’ म्हणतात. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याभोवती राजाचे नाव. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे, उज्जैनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. धातू हलका, किंमत थोडी, पण अक्षरे मोलाची.

तऱ्हाळ्याचा ठेवा

ती अक्षरे किती मोलाची, याचा दाखला कारंजा लाडच्या शेजारच्या मंगरूळपीर भागात मिळतो. कारंजा म्हटले की तेथील जिनमंदिरे आणि हस्तलिखितांचे भांडार डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच परिसरातील तऱ्हाळा या गावी १९३९ साली जमिनीत पोटिन नाण्यांचा मोठा साठा सापडला. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, आज वाशीम जिल्ह्यात आहे. दीड हजारांहून अधिक नाण्यांचा हा साठा नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांच्या हाती अभ्यासासाठी आला.

मिराशींनी एकेक नाणे तपासले. बहुतेकांवर नावाचा अर्धाच भाग उमटलेला होता. एका नाण्यावरची तीन अक्षरे, दुसऱ्यावरची पुढची दोन, असे जुळवीत त्यांनी राजांची नावे लावली. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची नावे तर होतीच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी नावेही वाचली गेली, जी पुराणांतील राजवंशाच्या यादीत आढळत नाहीत. विजय सातकर्णीसारखा, पुराणांत केवळ नाव उरलेला राजाही नाण्यावर प्रत्यक्ष भेटला.

या ठेव्याची धातूची किंमत काय होती? तांबे, शिसे आणि कथिल यांची भेसळ, म्हणजे कोणत्याही काळी मोडीच्या भावात फारसे काही येणार नाही. तो साठा मंगरूळच्या बाजारात वजनावर विकला गेला असता तर त्यातून काही पातेली आणि लोटे झाले असते, आणि तीन राजे इतिहासातून कायमचे पुसले गेले असते. ते पुसले गेले, हेही कोणाला कळले नसते.

पवनारचे उत्खनन

पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. त्याचे नेतृत्व डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी केले. डॉ. देव यांचे नाव जैन वाचकांना दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. जैन श्रमणसंघाच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी प्रबंधग्रंथ १९५६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला आणि तो आजही त्या विषयातील आधारग्रंथ मानला जातो. आगमांतील आचारनियम तपासणाऱ्या याच अभ्यासकाने पुढे धाम नदीकाठच्या मातीचे थर वाचले.

त्या थरांत इसवी सनापूर्वीच्या वस्तीपासून सातवाहन, वाकाटक आणि पुढील काळापर्यंतचे अवशेष मिळाले. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने वसविलेले प्रवरपूर, असे मत मांडले होते. पुढे नागपूर जिल्ह्यातील मनसर येथील उत्खननानंतर काही विद्वानांनी हा मान मनसरला दिला. वाद कोणत्याही बाजूने लागो, पवनार हे वाकाटककाळातील महत्त्वाचे नगर होते यात संदेह नाही.

वाकाटकांविषयी विद्वानांना एक कोडे बराच काळ छळीत होते. अजिंठ्याची अप्रतिम लेणी ज्यांच्या काळात झाली, गुप्त सम्राटांनी ज्यांच्या घरी आपली कन्या प्रभावतीगुप्ता दिली, त्या बलाढ्य घराण्याची म्हणता येतील अशी नाणी कोणाला ठाऊक नव्हती. पवनारच्या उत्खननात आंध्रातील विष्णुकुंडिन घराण्याची नाणी ओळखली गेली. त्या घराण्यात वाकाटक राजकन्या दिली होती, त्यामुळे असे नाणे विदर्भात येणे नवलाचे नव्हते. परंतु अलीकडच्या दशकांत पवनारसह विदर्भातील जुन्या स्थळी सापडलेल्या लहान तांब्याच्या नाण्यांकडे अभ्यासकांनी नव्याने पाहिले आणि त्यांतील काही वाकाटकांचीच आहेत असे प्रतिपादन केले. जे नाणे नाहीच असे मानले जात होते, ते पायाखालीच होते. ते क्षुद्र आणि गंजलेले असल्यामुळे कोणी उचलले नव्हते, एवढेच.

समुद्रापलीकडचा ओतीव पैसा

भारतात ओतीव नाण्याचा बहर काही शतकेच टिकला. पुढे ठशाचे नाणे सर्वत्र रूढ झाले. ठसा एकदा कोरला की पुन्हा पुन्हा चाले, राजाचे नाव व मुद्रा रेखीव उमटे, आणि परक्याच्या नाण्यावर आपला ठसा मारूनही ते चालविता येई. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. जिंकलेला पैसा वितळविण्याचा खर्चही त्याने वाचविला.

याउलट पूर्वेकडे, आजच्या व्हिएतनाममध्ये, ओतीव पैसाच हजार वर्षे राज्य करीत राहिला. त्या देशाचा मध्य व दक्षिण भाग म्हणजे प्राचीन चंपा. तेथील संस्कृत शिलालेख भारताशी असलेल्या सागरी संबंधांची साक्ष देतात. उत्तर भागावर मात्र सुमारे हजार वर्षे चीनची सत्ता होती आणि बाजारात चिनी तांब्याची नाणी चालत. दहाव्या शतकात ती सत्ता झुगारली गेली. दिन्ह बो लिन्ह याने ९६८ साली होआ लू येथे स्वतःस सम्राट घोषित केले, आणि ९७० पासून सुरू झालेल्या ‘थाय बिन्ह’ या कालगणनेच्या नावाने पहिले व्हिएतनामी नाणे ओतले गेले. त्यावरील अक्षरे चिनी लिपीतील होती, पण काहींच्या पाठीवर ‘दिन्ह’ हे घराण्याचे नाव होते. त्याच्यानंतरच्या ले होआन याने ९८४ साली काढलेल्या नाण्याच्या पाठीवरही ‘ले’ हे अक्षर दिसते. नव्या राज्याने आपले स्वातंत्र्य प्रथम तांब्याच्या सुट्या पैशावर लिहिले.

या नाण्याच्या मधोमध चौकोनी भोक असे. त्याचा उपयोग दुहेरी होता. ओतून काढलेली नाणी चौकोनी सळईत ओवली की फिरत नसत आणि त्यांच्या कडा एकदम कानशीने घासता येत. मग तीच नाणी दोरीत ओवून मोजता येत. या माळेच्या हिशेबातील एक गोष्ट बँकेच्या किंवा पेढीच्या माणसाला विशेष रंजक वाटेल. त्रान घराण्याच्या राजाने १२२६ साली फर्मान काढले की लोकांच्या आपसांतील व्यवहारात एकोणसत्तर नाण्यांचा एक ‘तिएन’ धरावा, आणि सरकारात भरणा करताना मात्र सत्तर नाणी मोजावीत. राजाचा वटाव एका नाण्याचा!

त्याच देशाने नाण्यावरचा विश्वास मोडण्याचा प्रयोगही पाहिला. हो क्वी ली या सत्ताधीशाने १३९६ साली कागदी चलन काढले, तांब्याची नाणी सरकारजमा करण्याचा हुकूम दिला आणि ती जवळ बाळगणाऱ्यास जबर शिक्षा ठरविली. कागदावर लोकांचा भरवसा बसला नाही. काही वर्षांतच त्याची राजवट गेली आणि १४२८ मध्ये ले लोय गादीवर येताच पुन्हा तांब्याची नाणी ओतली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भोकाचा हा पैसा तेथे तयार होत होता.

विदर्भ आणि व्हिएतनाम, दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो. ओतीव नाण्याची किंमत त्याच्या धातूत कधीच नव्हती. साचा करणे सोपे, म्हणून खोटे नाणे करणेही सोपे. घेणाऱ्याने देणाऱ्यावर आणि दोघांनी टांकसाळीवर ठेवलेला विश्वास, हेच त्याचे खरे मोल.

पारखीची परंपरा

या विश्वासाची राखण करणारा पारखी जैन समाजात जुन्या काळापासून आहे. ‘अंगविज्जा’ या प्राकृत ग्रंथात त्या काळच्या नाण्यांची नावे आली आहेत. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या श्रीमाल ज्ञातीतील ठक्कुर फेरू या जैन श्रावकाने १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा सुमारे दीडशे गाथांचा ग्रंथ रचला. वेगवेगळ्या राज्यांची नाणी, त्यांचे वजन, त्यांतील शुद्ध धातूचे प्रमाण आणि त्यांचे मोल, असा तो टांकसाळीतल्या प्रत्यक्ष अनुभवाचा हिशेब आहे. मध्ययुगीन भारतातून नाण्यांवर इतके काटेकोर लेखन दुसरे क्वचितच हाती आले आहे. विसाव्या शतकात अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांना त्याचे हस्तलिखित कोलकात्याच्या एका जैन ग्रंथसंग्रहात मिळाले. कोणी तरी पोथी बासनात बांधून ठेवली, पिढ्यानपिढ्या जपली, म्हणून ते ज्ञान उरले. फेरूने नोंदविलेल्या नाण्यांना मात्र असे बासन मिळाले नाही. त्यांतील बहुसंख्य भट्टीत गेली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत वजन-मापातील खोट आणि खोट्या वस्तूंचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ हे व्यापाऱ्याला सहज स्मरतात. त्याच यादीत ‘तदाहृतादान’, म्हणजे गैरमार्गाने आणलेली वस्तू घेणे, आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याचे नियम डावलणे, हेही आहेत. भूमीत सापडलेले धन दुकानात येते तेव्हा हे दोन्ही शब्द आठवावेत.

कायदा काय सांगतो

भूमिगत धनाचा कायदा १८७८ सालचा आहे आणि तो आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविल्यास हिस्सा जातो आणि कारावासही होऊ शकतो. मूळ मालक पुढे न आल्यास, दुसरा करार नसेल तर, शोधणाऱ्यास तीन हिस्से आणि जागेच्या मालकास एक हिस्सा मिळतो. शासनाला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन तो घेता येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते परस्पर परदेशी पाठविता येत नाही आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो.

कायद्याइतकीच काळजी हाताळण्यात हवी. चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासून नाणे चकचकीत करण्याचा मोह आवरावा. हिरवा थर गेला की त्याखालची पुसट अक्षरेही जातात. देवघरातील करंड्यात वडिलोपार्जित नाणी असतील तर ती एकमेकांवर आदळू न देता कोरड्या कागदात वेगळी ठेवावीत. मोडीच्या ढिगात गोल किंवा चौकोनी हिरवट तुकडे दिसले तर ते बाजूला काढून आणणाऱ्याला गावाचे व शेताचे नाव विचारावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा रस्ता दाखवावा. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासून विदर्भाचा असा ठेवा जतन करीत आहे. विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागातही जाणकार आहेत.

नाणे कोठे सापडले हे कळले नाही तर त्याचे अर्धे मोल गेले. म्हणून दुकानात असे नाणे आलेच, तर त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर गावाचे नाव, तारीख आणि कोणत्या कामात ते निघाले, एवढे लिहिले तरी पुरे.